घरच्या पत्त्यावर बंदूकविक्रीचा परवाना: उत्तर टेक्ससमधल्या एका मराठी घराचे प्रकरण

प्रकरणातले नियम खरे आहेत, कुटुंब मात्र नमुन्यादाखल घेतले आहे. डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत अशी घरे पुष्कळ सापडतील. नवरा लहानपणापासून अमेरिकेत वाढलेला, आता अमेरिकी नागरिक, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. बायको स्वतःच्या एच-१बी व्हिसावर काम करते. तिचा ग्रीन कार्डचा अर्ज दाखल आहे, पण कार्ड हातात आलेले नाही. तिचे आईवडील पुण्याहून बी-२ या पाहुण्यांच्या व्हिसावर आलेत आणि पाच-सहा महिने राहणार आहेत. घर स्वतःचे, चार बेडरूमचे, दाराशेजारी छोटी स्टडी. परिसराला घरमालकांची संघटना आहे, म्हणजे तिकडे सगळे म्हणतात ती एचओए.

नवऱ्याला नेमबाजीची आवड आहे. ऑनलाइन घेतलेली बंदूक विक्रेता थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवू शकत नाही. ती आधी परवानाधारकाकडे येते, तिथे गिऱ्हाईक फॉर्म भरते, चौकशी होते आणि मगच बंदूक त्याच्या हातात पडते. या कामाला ट्रान्सफर म्हणतात आणि त्याचे शुल्क साधारण २० ते ५० डॉलर असते. हेच काम संध्याकाळी आणि शनिवारी घरून करायचे, असा त्याचा विचार.

कायदा १९६८ चा आहे, गन कंट्रोल अ‍ॅक्ट. परवाना देते एटीएफ, ही न्याय खात्याच्या अखत्यारीतली केंद्रीय यंत्रणा. परवान्याला बोलीभाषेत एफएफएल म्हणतात. त्याचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. या कामाला टाइप ०१ लागतो, विक्रेता आणि बंदूक दुरुस्ती करणारा यांचा. शुल्क तीन वर्षांना २०० डॉलर, नूतनीकरणाला तीन वर्षांचे ९० डॉलर. टाइप ०३ फक्त ३० डॉलरला मिळतो म्हणून अनेकजण तिकडे वळतात, पण तो जुन्या संग्राह्य शस्त्रांच्या हौशी संग्राहकाचा परवाना आहे. त्यावर धंदा करता येत नाही. टाइप ०७ उत्पादकाचा, १५० डॉलरचा. तो विक्रेत्याच्या परवान्यापेक्षा स्वस्त आहे हे पाहून कुणी हुरळून जाऊ नये. त्यासोबत उत्पादनावरच्या केंद्रीय अबकारी कराचे आणि जास्तीच्या नोंदींचे ओझे येते.

पहिला पेच: दार उघडे हवे आणि बंदही

घरून परवाना मिळतो का, या प्रश्नाचे उत्तर 'हो' आहे, पण त्याला एक अट चिकटलेली आहे. केंद्रीय नियमावलीत धंद्याच्या जागेची व्याख्या आहे. ज्या राहत्या घराचा कुठलाच भाग लोकांसाठी खुला नाही, ते घर धंद्याची जागा म्हणून धरले जाणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ठरलेल्या वेळेत घराचा काही भाग गिऱ्हाइकासाठी खुला असलाच पाहिजे.

दुसरीकडे शहराचे घरगुती व्यवसायाचे नियम नेमके उलट्या दिशेने ओढतात. पाटी लावायची नाही, बाहेरचा नोकर ठेवायचा नाही, घराचा ठरावीक हिस्साच वापरायचा, रहदारी वाढवायची नाही, आणि काही शहरांत तर गिऱ्हाईक घरी येताच कामा नये. अर्ज नाकारले जातात किंवा महिनोन्‌महिने लोंबकळतात ते बहुधा इथेच. अर्जावर सही करताना अर्जदार शपथेवर सांगतो की हा धंदा या पत्त्यावर राज्याच्या आणि स्थानिक कायद्याने निषिद्ध नाही. एटीएफचा चौकशी अधिकारी शहराच्या झोनिंग कार्यालयाकडे, म्हणजे कुठल्या जागेत काय करता येते ते ठरवणाऱ्या खात्याकडे, विचारणा करतो. तिथून 'आम्हाला तर त्यांनी फक्त ऑनलाइन काम आहे असे सांगितले होते' असे उत्तर आले की एकाच माणसाची दोन कागदांवर दोन विधाने होतात. अर्ज तिथेच अडतो, आणि खोटे विधान केल्याचा संशय मागे राहतो तो वेगळाच.

म्हणून या घरात पहिला कागद एटीएफला गेला नाही, शहराला गेला. त्यात काहीही मवाळ करून लिहिले नाही: बंदुकांची ट्रान्सफर आणि किरकोळ विक्री, आठवड्याला चार-पाच गिऱ्हाइके, एका वेळी एकच, वेळ ठरवून, गाडी ड्राइव्हवेमध्ये. पाटी नाही, बाहेरून दिसेल असा माल नाही, काडतुसे भरण्याचे काम नाही, आवारात गोळी झाडणे नाही. या शहराच्या नियमात पियानो शिकवणाऱ्याला किंवा कर सल्लागाराला एका वेळी एक गिऱ्हाईक बोलावता येते. त्याच कलमाखाली लेखी परवानगी मिळाली. ज्या शहराच्या नियमात गिऱ्हाइकाला मुळीच मुभा नाही, तिथे हा मार्ग बंद आहे. तिथे दुसऱ्याच्या दुकानातला कोपरा भाड्याने घेणे हाच सरळ उपाय. तोंडी होकारावर विसंबू नये. काउंटरवरचा कारकून बदलला की होकारही बदलतो.

एचओएचे करारपत्र हा सरकारी कायदा नाही, खासगी करार आहे. त्याचे उल्लंघन होते आहे का हे पाहणे एटीएफचे काम नाही, पण संघटना दंड लावू शकते आणि न्यायालयात जाऊ शकते. करारात 'कोणताही व्यवसाय नको' असे कलम असेल तर मंडळाकडून लेखी मुभा घ्यावी. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाचे पत्र लागते.

दुसरा पेच: घरातली माणसे

मराठी घरांना खरा धोका इथे आहे, आणि याच भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, मग तो एच-१बी असो, एफ-१ असो, एल-१ असो की बी-२, केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई नाही. ग्रीन कार्डधारक परवान्यासाठी अर्जही करू शकतो. व्हिसाधारकांना काही अपवाद आहेत. त्यातला सर्वांना ठाऊक असलेला म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना. टेक्ससचा शिकार परवाना कधीही घेतला तरी वर्ष ३१ ऑगस्टला संपते. १ सप्टेंबरला नवा घ्यायचा राहिला तर त्या दिवसापासून अपवादही संपला. रेंजवर जाऊन नेम धरण्यापुरता हा आधार ठीक आहे, पण त्याच्यावर धंदा उभा करणे चूक आहे, असे आमचे ठाम मत आहे. २०२२ च्या कायदेबदलानंतर या गुन्ह्याची कमाल शिक्षा १५ वर्षे झाली आहे, आणि परदेशी नागरिकासाठी शिक्षेपलीकडे हद्दपारीचा प्रश्न उभा राहतो.

नवऱ्याने पहिला मसुदा केला तेव्हा नवराबायकोची मिळून एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढायचे घाटत होते. करासाठी कुणीतरी सुचवलेले. कंपनीच्या नावाने अर्ज केला तर ज्यांच्या हाती कारभाराची दिशा ठरवण्याचा अधिकार आहे, त्या प्रत्येकाला जबाबदार व्यक्ती म्हणून नोंदवावे लागते. त्या प्रत्येकाचे बोटांचे ठसे, २ इंच बाय २ इंचांचा फोटो आणि पात्रतेचे प्रश्न. बायको व्यवस्थापक भागीदार झाली असती तर तिच्या व्हिसामुळे अख्खा अर्ज धोक्यात आला असता. उपाय साधा होता: नवऱ्याने एकट्याच्या नावाने, एकल मालक म्हणून अर्ज केला. कौंटी क्लार्ककडे धंद्याच्या नावाची नोंद आणि राज्याच्या कंट्रोलर कार्यालयाकडून विक्रीकराचा परवाना, एवढे जोडीला लागले. टेक्ससमध्ये हा विक्रीकर परवाना फुकट मिळतो आणि बंदूकविक्रेत्याला राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय इथे तो लागतो. तिथल्या वाचकांनी हे प्रकरण जसेच्या तसे वापरू नये.

बायकोने हिशेब लिहायला मदत केली तर? तेही नको. एच-१बी माणसाला नेमणाऱ्या कंपनीखेरीज इतरत्र काम करता येत नाही, आणि घरच्या धंद्याची वही नियमितपणे लिहिणे हे काम ठरू शकते.

ताबा म्हणजे फक्त हातात धरणे नव्हे. वस्तू आपल्या नियंत्रणात घेण्याची ताकद आणि तसा इरादा असेल तर न्यायालय ताबा मानू शकते. त्यामुळे तिजोरीचा आकडा कुणाला ठाऊक आहे, हा प्रश्न कायद्याचा होतो. आपल्या घरांत एक भक्कम तिजोरी आली की तिच्यात मंगळसूत्र, पाटल्या, पासपोर्ट आणि घराचे कागद आपोआप जाऊन बसतात. मग बायकोला, सासूबाईंना ती उघडावी लागते. या घरात दोन तिजोऱ्या ठेवल्या. बंदुकांची स्टडीत, तिचा आकडा फक्त नवऱ्याकडे. दागिन्यांची वरच्या मजल्यावर. स्टडीच्या दाराला स्वतंत्र कुलूप.

दुसरी फट कुरिअरची. बंदुकीचे पार्सल प्रौढ व्यक्तीच्या सहीशिवाय देत नाहीत. दुपारी नवरा ऑफिसात असतो, दार उघडतात सासरे, आणि सद्भावनेने सही करतात. पिस्तुलाचे खोके त्यांच्या हातात आले. पाठवणाऱ्याला आधी कळवून सुपूर्तीचा दिवस नवरा घरी असेल असा ठरवणे, किंवा कुरिअर कंपनीच्या स्वतःच्या केंद्रातून पार्सल उचलता येते का ते आधी विचारून तशी कायमची व्यवस्था लावणे, हे दोनच मार्ग. घरच्यांना मराठीत, नीट बसवून सांगावे: कुणीही सही मागितली तर 'ते घरी नाहीत, नंतर या' एवढेच म्हणायचे.

आणखी एक गोष्ट. अशा घरातून भारतात परतताना बॅगेच्या कप्प्यात चुकून एखादे काडतूस राहिले आणि ते भारतातल्या विमानतळावर सापडले, तर शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा दाखल होतो. रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरायचीच नाही, हा नियम घरात पाळावा.

अर्ज आणि चौकशी

अर्जाचा फॉर्म ७. शुल्क, फोटो आणि ठशांचे कार्ड एफडी-२५८ यांसह तो पाठवायचा. एक प्रत आपल्या भागातल्या पोलीस प्रमुखांना किंवा शेरीफना द्यायची. त्यांची मंजुरी लागत नाही, त्यांना कळवणे लागते. अर्जदार २१ वर्षांचा हवा आणि बंदूक बाळगायला अपात्र नसावा. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी केंद्रीय कायद्याने त्याचा वापर करणारा अपात्र ठरतो. कॉलोराडोतून टेक्ससला आलेल्या मंडळींनी हा प्रश्न हलक्यात घेऊ नये. छाननी वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या परवाना केंद्रात होते. कायद्याने निर्णयाला ६० दिवसांची मुदत आहे, पण घड्याळ पूर्ण भरलेल्या अर्जावर चालते. ठसे पुसट आले, एक चौकट रिकामी राहिली, की अर्ज परत आणि मोजणी पुन्हा. ठसे सराव असलेल्या माणसाकडूनच घ्यावेत.

मग चौकशी अधिकारी प्रत्यक्ष घरी येतो. धाड टाकायला आल्यासारखी ही भेट नसते. तो नियम समजावून सांगतो, जागा पाहतो आणि प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न धंदा खरोखर करायचा आहे का, हा. 'स्वतःसाठी घाऊक भावात बंदुका घ्यायच्या आहेत' हे उत्तर दिले तर परवाना मिळत नाही, कारण परवाना धंदा करणाऱ्यासाठी आहे. २०२२ पासून कायद्याची भाषा मुख्यतः नफा कमावण्याचा हेतू अशी आहे. पहिल्या वर्षी नफा झालाच पाहिजे असे नाही, पण हेतू कागदांत दिसला पाहिजे. या घराने साधा आराखडा दाखवला: महिन्याला १६ ट्रान्सफर, प्रत्येकी ३० डॉलर, म्हणजे ४८० डॉलर. त्यातून विमा, फोन, कुलपे, कर जातात. घराच्या नेहमीच्या विम्यात धंद्याचा माल बहुधा येत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. कार्डाने पैसे घेणाऱ्या अनेक लोकप्रिय सेवा बंदुकीचा व्यवहार स्वीकारत नाहीत. ही सोय परवाना येण्याआधी शोधावी. घाऊक पुरवठादारांपैकी काही घरगुती परवानाधारकांना मालच देत नाहीत, त्यामुळे विक्रीवर नव्हे, ट्रान्सफरवर हिशेब बसवला ते योग्य केले.

दुसरा प्रश्न वेळेचा. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी ६ ते ८ आणि शनिवारी १० ते २ असे लिहिले. लिहिलेली वेळ पाळावी लागते, कारण बारा महिन्यांतून एकदा अधिकारी वॉरंटशिवाय नोंदी आणि माल तपासू शकतो, आणि ते धंद्याच्या वेळेत. आठवडाभर सकाळी ९ ते ५ अशी भारदस्त वेळ लिहून स्वतः ऑफिसात बसणारे लोक स्वतःला अडचणीत टाकतात.

तिसरा सुरक्षेचा. केंद्रीय कायदा अमुक जाडीची तिजोरी सांगत नाही, पण विक्रीच्या जागी सुरक्षित साठवणीची साधने उपलब्ध असतील याची हमी घेतो, आणि प्रत्येक पिस्तुलासोबत कुलूप किंवा तसे साधन द्यावेच लागते. तिजोरी जमिनीला बोल्टने बसवायची होती. उत्तर टेक्ससमधल्या कितीतरी घरांचा पाया ताणलेल्या पोलादी केबल घातलेल्या काँक्रीटचा असतो. गॅरेजच्या फरशीवर तसा शिक्का दिसतो. भोक पाडताना केबल तुटली तर ताण एकदम सुटून माणूस जखमी होतो आणि पायाही बिघडतो. आधी स्कॅन करून केबलच्या जागा आखल्या, मग भोके पाडली. गॅरेजमध्ये तिजोरी न ठेवण्याचे कारण निराळे: उन्हाळ्याची उष्णता, दमट हवा आणि गंज.

परवाना आल्यावरचे काम

चुका होतात त्या वहीत. मालाच्या आवकजावकीच्या वहीला तिकडे बाउंड बुक म्हणतात. विक्रेत्याने बंदूक आल्याची नोंद लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या अखेरपर्यंत करायची, गेल्याची सात दिवसांत. उत्पादकाचे नाव, मॉडेल, सिरीयल क्रमांक, प्रकार, कॅलिबर. पार्सलवरच्या चिठ्ठीवरून क्रमांक उतरवणे ही नेहमीची चूक. क्रमांक बंदुकीवरूनच वाचायचा, ० आणि ओ, १ आणि आय यांत गफलत होते. ट्रान्सफरसाठी रात्री आलेली, सकाळी गेलेली बंदूकही वहीत येते आणि जाते.

गिऱ्हाइकाने स्वतः भरायचा तो फॉर्म ४४७३. ओळखपत्रावर सध्याचा राहता पत्ता हवा. पत्ता बदललेला असेल तर गाडीच्या नोंदणीसारखा दुसरा सरकारी कागद जोडता येतो. पोस्टाची पेटी चालत नाही. कौंटीचे नाव राहून जाणे, वंशाचा आणि हिस्पॅनिक असण्याचा असे दोन्ही प्रश्न न भरणे, तारीख चुकणे, यांवरच तपासणीत सर्वाधिक बोट ठेवले जाते. गिऱ्हाईक निघण्याआधी अख्खा फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचावा, दोन मिनिटे लागतात. मराठी ओळखीचा माणूस आला आणि तो नागरिक नसेल तर संकोच करू नये. ग्रीन कार्डाचा क्रमांक, आणि व्हिसावर असेल तर अपवादाचा कागद मागावाच लागतो.

मग एफबीआयच्या निक्स यंत्रणेकडे, म्हणजे गिऱ्हाईक अपात्र तर नाही हे तपासणाऱ्या यंत्रणेकडे, चौकशी. उत्तर पुढे जा, थांबा किंवा नकार असे येते. 'थांबा' आले तर तीन पूर्ण कामकाजाचे दिवस मोजायचे. शुक्रवारी चौकशी केली तर सोमवार, मंगळवार, बुधवार संपून गुरुवारी बंदूक देता येते, मध्ये सरकारी सुट्टी आली तर आणखी पुढे. मुदत संपली तरी देण्याची सक्ती नसते, मन साशंक असेल तर देऊ नये. गिऱ्हाईक २१ च्या आतले असेल तर ही मुदत दहा कामकाजाच्या दिवसांपर्यंत लांबू शकते. चौकशीचे उत्तर ३० दिवस चालते. टेक्ससचा चालू एलटीसी, म्हणजे पिस्तूल सोबत बाळगण्याचा परवाना असेल तर निक्सची चौकशी लागत नाही, फॉर्म ४४७३ मात्र लागतोच. ओक्लाहोमाचे गिऱ्हाईक डॅलसमध्ये येऊन रायफल घेऊ शकते, दोन्ही राज्यांचे नियम पाळले तर. पिस्तूल मात्र त्याला त्याच्या राज्यातल्या परवानाधारकाकडूनच मिळेल.

एकाच माणसाने सलग पाच कामकाजाच्या दिवसांत दोन किंवा अधिक पिस्तुले घेतली तर त्याच दिवशी वेगळा अहवाल जातो. चोरी झाली किंवा बंदूक हरवली तर कळल्यापासून ४८ तासांत एटीएफ आणि पोलीस दोघांनाही. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायला मार्टिन्सबर्गहून फोन आला तर २४ तासांत उत्तर. नोकरीच्या मीटिंगमध्ये आहे ही सबब चालत नाही, म्हणून वही शोधता येईल अशी लावून ठेवावी.

नवऱ्याच्या स्वतःच्या बंदुका वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या चिठ्ठीसह. धंद्याच्या मालातून एखादी स्वतःकडे घेतली तर ती वहीतून रीतसर बाहेर काढायची. वर्षाच्या आत विकली तर ती धंद्याचीच विक्री धरली जाते.

परवाना पत्त्याला बांधलेला असतो. कंपनीने ऑस्टिनला बदली केली तर निदान ३० दिवस आधी फॉर्म ५३००.३८ भरून दुरुस्त परवाना मागायचा, आणि तो हाती येईपर्यंत नव्या घरातून एकही व्यवहार करायचा नाही. तिथल्या शहराचे नियम, तिथली एचओए, सगळे पहिल्यापासून. धंदा कायमचा बंद केला तर सगळ्या वह्या आणि ४४७३ फॉर्म ३० दिवसांत मार्टिन्सबर्गला पाठवायचे. चालू धंद्यातला कोणताही ४४७३ आता फाडता येत नाही. २० वर्षांची जुनी मर्यादा ऑगस्ट २०२२ पासून गेली आहे, त्यामुळे कपाटात जागा आताच धरून ठेवावी.